गाडीवरून वाड्यात जाताना आडनाव दाराबाहेर ठेवायचे काय?

चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावात आपल्या माणसाची लोटगाडी कोणाच्या डोळ्यात खुपत नाही. बसस्थानकाच्या आसपास किंवा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याच्या कडेला तो भजी तळतो, अंडाभुर्जी करतो, शेवभाजी विकतो. चार पैसे जमवून त्याने जुना छोटा हत्ती घेतला, मागे पत्र्याचा ओटा बसवला, वर ‘फूड ट्रक’ असे रंगवून घेतले, तरी गाव कौतुकच करते. पोरगा कष्टाळू आहे, असे म्हणते. हे कौतुक थांबते ते त्याने पक्की जागा मागितल्यावर. ती जागा गावाच्या मधोमध, एखाद्या जुन्या वाड्याच्या दर्शनी भागात असेल तर प्रश्न सुरू होतात. आधी आडनाव विचारले जाते. आडनावावरून अंदाज आला नाही तर राहायला कुठे, असे विचारले जाते. आणि मग भाडे अचानक दुप्पट होते, किंवा ‘घरातल्यांशी बोलून सांगतो’ हे उत्तर मिळते, जे पुढे कधीच येत नाही.

आमच्या बैठकांत हा विषय निघाला की तीन मते ऐकू येतात. पहिले मत असे की, वाडे ही सरंजामशाहीची हाडे आहेत, ती पडू द्या, आपण तिथे कशाला जायचे? दुसरे मत असे की, धंद्यात जात आणू नका, पैशाला जात नसते, चव चांगली असेल तर गिऱ्हाईक येतेच. तिसरे मत हळू आवाजात मांडले जाते, पण ते सर्वांत जास्त लोकांचे असते. जागा मिळत असेल तर घ्या, फक्त पाटीवर नाव वेगळे टाका, बाबासाहेबांचा फोटो गल्ल्यामागे नको, आतल्या खोलीत लावा.

आम्हाला ही तिन्ही मते मान्य नाहीत. आपल्या माणसाने गाडीवरून वाड्यात जावे आणि आडनावासह जावे, असे आमचे म्हणणे आहे. का, ते सविस्तर मांडतो.

पहिल्या मताचा विचार आधी करू. खान्देशातले जुने वाडे, कापसाच्या भरभराटीच्या काळातली जिनिंग-प्रेसिंगची आवारे, दगडी गोदामे, पेढ्या या इमारती कोणी बांधल्या? कागदावर मालकाचे नाव आहे. पण पाया खणणारे, दगड फोडणारे, माती तुडवणारे, सागाचे वासे सातपुड्यातून खाली आणणारे कोण होते? त्यांची नावे कुठल्याच दगडावर कोरलेली नाहीत. आज ज्याला ‘वारसा’ म्हणतात त्यातला घामाचा हिस्सा आपला आहे. तो हिस्सा सोडून देणे हा कसला स्वाभिमान?

आणि याच वाड्यांच्या दाराशी आपला दुसरा इतिहास आहे. वतनाच्या व्यवस्थेत येसकर संध्याकाळी दारोदार भाकरी मागत फिरत असे. तो उंबऱ्याच्या आत जात नसे. भाकरी वरून टोपलीत पडे, ताजी असेल किंवा शिळी. त्या शिळ्या भाकरीच्या बदल्यात रात्रंदिवस गावकीची कामे करावी लागत. महाडला मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी आपल्या लोकांना शिळे-उष्टे मागणे सोडा, मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, असे बजावले ते याच व्यवस्थेची मुळे उपटण्यासाठी. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने. म्हणजे ज्यांनी स्वतः भाकरी मागितली किंवा आईबापांना मागताना पाहिले, अशी माणसे कालपरवापर्यंत आपल्यात होती.

आता विचार करा. ज्या दाराबाहेर आजोबा टोपली घेऊन उभे राहिले, त्याच दाराच्या आत नातीने चूल मांडावी, भाकरी थापावी, तिची किंमत तिने ठरवावी आणि तिचे बिल सर्वांनी द्यावे. आम्हाला यात निव्वळ धंदा दिसत नाही. भाकरी मागणारा आणि भाकरी घालणारा हे जुने नाते इथे मोडते. वाडा पडू दिला तर हे नाते मोडल्याचे कोणाला दिसणारसुद्धा नाही. त्या जागी व्यापारी संकुल उभे राहील आणि त्यातले गाळेही पुन्हा तेच लोक घेतील.

दुसरे मत आहे पैशाला जात नसते हे. याला उत्तर द्यायला फार लांब जावे लागत नाही, आपल्या जिल्ह्यातले चाळीसगाव पुरे आहे. १९२९ साली बाबासाहेब मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून धुळ्याकडे आले होते. परतताना चाळीसगावच्या आपल्या लोकांच्या आग्रहाखातर ते तिथे उतरले. स्टेशनवरून वस्तीत जायला टांगा हवा होता. टांगेवाला महाराला घेऊन टांगा हाकायला तयार होईना. तोड अशी निघाली की टांगा भाड्याने मिळेल, पण हाकणारा मिळणार नाही. टांगा हाकण्याची सवय नसलेला वस्तीतलाच माणूस बसला, पुलावर घोडा बिथरला, बाबासाहेब खाली दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. बॅरिस्टर, कायदेमंडळाचा सदस्य, सरकारी समितीचा सभासद, आणि खिशात भाड्याचे पैसे. पैसे चालले, शेजार चालला नाही. पैशाला जात नसते म्हणणाऱ्यांनी या टांग्याची गोष्ट पुन्हा वाचावी. बाजार पैसे घेतो, पण पैसे घेतले म्हणून तो बरोबरीने वागवीलच असे नाही.

ऐतिहासिक इमारतीबद्दलचा बाबासाहेबांचा अनुभवही याच पठडीतला आहे. १९३४ साली सुमारे तीस सहकाऱ्यांबरोबर ते वेरूळच्या वाटेवर दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. प्रवासाची धूळ होती म्हणून काहींनी दरवाजाजवळच्या हौदावर हातपाय धुतले. लगेच आरडाओरडा झाला की, अस्पृश्यांनी हौद बाटवला. तिथे ओरडणारे मुसलमान होते, हेही बाबासाहेबांनी लपवलेले नाही. शेवटी, किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, पहारेकरी बरोबर देऊन त्यांना आत सोडले. किल्ला पाहायला मिळाला, पाणी मिळाले नाही. आपल्याला इतिहास बघायला दिला जातो, वापरायला दिला जात नाही, हा भेद तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे. म्हणून जुन्या इमारतीत आपल्या हाताने पाण्याचा माठ भरून ठेवणे ही आमच्या लेखी साधी गोष्ट नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव यांचा उल्लेख एकाच ठिकाणी आला आहे तो उगाच नाही. घटना लिहिणाऱ्याला माहीत होते की, या देशात माणसाला माणूस म्हणून नाकारण्याची जागा पाणी आणि अन्न हीच आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे कलम गिऱ्हाईकाला आत जाण्याचा हक्क देते. मालक म्हणून गल्ल्यावर बसण्याची वाट मात्र आपल्याला स्वतः काढावी लागते.

ती वाट एकदा काढली गेली आहे. कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांचे नाव चळवळीतल्या प्रत्येकाला माहीत आहे, पण त्यांच्या हॉटेलाची गोष्ट आपण फक्त राजाच्या मोठेपणाची गोष्ट म्हणून सांगतो. ती धंद्याचा धडा म्हणूनही वाचायला हवी. गंगाराम संस्थानच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना अमानुष मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. गंगारामांना त्यांनी स्वतंत्र धंदा काढायला लावले आणि भांडवल दिले. हॉटेल निघाले ते कोल्हापूरच्या भाऊसिंगजी रस्त्यावर, भर रहदारीत. नाव ठेवले ‘सत्यसुधारक’. सुरुवातीला सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घेऊ लागले, बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले.

यात चार गोष्टी होत्या. भांडवल होते. मोक्याची जागा होती. विचार सांगणारी पाटी होती. आणि सत्तेने आपल्या वजनाने गिऱ्हाईक आणून दिले होते. आजच्या सरकारी योजना पहिल्या गोष्टीवर येऊन थांबतात. १ जून २०२० ला सुरू झालेल्या पीएम स्वनिधीत फेरीवाल्याला पहिले कर्ज १० हजारांचे, फेडले तर २० हजारांचे आणि मग ५० हजारांचे होते. त्यातून गाडीचा गॅस आणि कच्चा माल येतो, वाड्याचे डिपॉझिट येत नाही. २०१६ च्या स्टँड-अप इंडियात अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि महिलांसाठी १० लाखांपासून १ कोटीपर्यंतचे कर्ज कागदावर होते. मुद्रा कर्जही आहे. पण बँक म्हणते आधी जागेचा भाडेकरार दाखवा, आणि मालक म्हणतो आधी डिपॉझिट आणा. या दोन दारांच्या मध्ये आपला माणूस वर्षानुवर्षे उभा असतो. जागेचा प्रश्न सुटल्याशिवाय कर्जाची योजना म्हणजे टांगा आहे पण हाकणारा नाही, अशी गत.

खासगी मालकाने दुकानाची जागा कोणाला द्यावी यावर कायद्याचा धाक फार चालत नाही, हे वास्तव आहे. म्हणून आमचा रोख सार्वजनिक मालकीच्या जुन्या इमारतींवर आहे. नगरपालिका, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम खाते, महसूल खाते यांच्याकडे गावोगावी जुन्या कचेऱ्या, धर्मशाळा, शाळा, विश्रामगृहे पडून आहेत. कुठे भंगार भरले आहे, कुठे छप्पर कोसळले आहे. सरकारला या इमारतींचे मोल कळत नाही असे समजू नका. सप्टेंबर २०१९ मध्ये पर्यटन महामंडळामार्फत राज्यातले २५ किल्ले हॉटेल आणि समारंभांसाठी भाड्याने देण्याची बातमी आली तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला आणि शिवरायांशी संबंधित किल्ले यात नाहीत, असा खुलासा सरकारला करावा लागला. त्या वादात किल्ल्याचे पावित्र्य यावर पुष्कळ बोलले गेले. किल्ला भाड्याने द्यायचाच असेल तर कोणाला द्यायचा, हा प्रश्न कोणी विचारला नाही. मोठ्या कंपनीला दिला तर ‘वारसा पर्यटन’ आणि गाडीवाल्याने ओटा मागितला तर ‘अतिक्रमण’, हा न्याय कुठला?

अतिक्रमण हा शब्द आला आहे तर गाडीच्या हक्काबद्दलही बोलू, कारण गाडी टिकली तर पुढे वाड्याचा विचार. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार पाच वर्षांतून किमान एकदा सर्वेक्षण व्हायला हवे. सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणाला हटवता येत नाही. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचे आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यांत एकतृतीयांश महिला हव्यात, अनुसूचित जाती-जमातींना प्रतिनिधित्व हवे. आणि याच कायद्यात एक तरतूद आहे जी फार थोड्यांना ठाऊक आहे. जिथे विक्रेते ५० वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करत आले आहेत अशा नैसर्गिक बाजाराला ‘वारसा बाजार’ म्हणून जाहीर करावे आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. म्हणजे वारसा फक्त दगडी भिंतींचा नसतो, रस्त्यावर पिढ्यान् पिढ्या बसलेल्या हातांचाही असतो, हे या देशाच्या कायद्याने मान्य केले आहे. आपल्या गावातला कोणता बाजार या व्याख्येत बसतो, याची यादी आपण कधी केली आहे काय?

आता तिसरे मत, नाव लपवण्याचे. आम्ही या मताच्या माणसांवर रागावत नाही. घर चालवायचे असते, हप्ते भरायचे असतात, बहिष्काराची भीती खरी असते. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरवला आहे, पण बहिष्कार कोणी बोलून घालत नाही. गिऱ्हाईक नुसते शेजारच्या हॉटेलात जाते. त्याच्यावर फिर्याद कशी करणार? ही अडचण आम्हाला कळते.

तरीही आम्ही म्हणतो, नाव लपवू नका. एक कारण व्यवहाराचे आहे. चोपडा म्हणजे मुंबई नव्हे. पाटीवर काहीही लिहा, आठ दिवसांत गाव विचारते, ‘कोननं शे हाई?’ आणि उत्तर सर्वांना कळते. लपवून काही लपत नाही, फक्त आपण घाबरलो हे जाहीर होते. दुसरे कारण तत्त्वाचे आहे. आडनाव पुसून धंदा चालला तर यश त्या माणसाचे एकट्याचे राहते. आडनावासह चालला तर मागून येणाऱ्या दहा पोरांसाठी दार उघडते. गंगारामांनी दुसऱ्याच जातीचे वाटावे असे नाव घेऊन हॉटेल चालवले असते, तर शंभर वर्षांनी आपण त्यांची आठवण काढली असती काय?

अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा अनुभव इथे उपयोगी पडतो. त्यांच्या पँथरकडे पाहूनच आपली पँथर १९७२ ला उभी राहिली, म्हणून हे उदाहरण परके नाही. १ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबरो शहरात चार काळे विद्यार्थी वूलवर्थ दुकानाच्या खाण्याच्या टेबलावर जाऊन बसले. दुकान त्यांना बाकीच्या वस्तू विकत होते, त्या टेबलावर मात्र वाढत नव्हते. ते उठले नाहीत. पुढे आंदोलन देशभर पसरले आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने उपाहारगृहांतला भेद बेकायदा ठरला. आज ती दुकानाची इमारत संग्रहालय आहे. इमारत ऐतिहासिक झाली ती तिथे बसलेल्या चार पोरांमुळे, तिच्या विटांमुळे नव्हे. दुसरीकडे न्यू ऑर्लिन्समध्ये चेस कुटुंबाने १९४१ च्या सुमारास सँडविच विकणारे छोटे दुकान काढले. लीया चेस यांच्या हाताखाली त्याचे मोठे उपाहारगृह झाले. नागरी हक्क चळवळीचे नेते तिथे जेवता जेवता बैठका घेत. आपल्या हॉटेलाचा माडीवरचा दिवाणखाना आठवड्यातून एक संध्याकाळ वाचनालयाला आणि बैठकीला का देऊ नये?

जाताना काही अटी मात्र आपण स्वतःवर घालून घ्याव्यात, असे आम्हाला वाटते.

ताटाचा प्रश्न पहिला. ‘अस्सल खान्देशी’ म्हणून आज जे विकले जाते त्यात भरीत, शेवभाजी, कळण्याची भाकरी, मांडे असतात. छान आहे. पण वजडी, मुंडी-पाया, सुकट, रानभाज्या या ताटात का नसतात? शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली, तेव्हा कुठे अनेकांना कळले की आपल्या घरात शिजत होते त्यालाही संस्कृती म्हणतात. खान्देशाची अशी नोंद आपल्या हॉटेलाच्या पाटीवर व्हायला काय हरकत आहे? मालकाने ‘फक्त शाकाहारी’ अशी अट करारात घातली तर ती मुकाट मान्य करू नका, कारण ती अट भाजीबद्दल कमी आणि भाडेकरूबद्दल जास्त बोलते.

दुसरी अट दराची. गाडीवर जेवणारा कोण होता? सातपुड्याच्या पायथ्याकडून बाजाराला आलेला भिल्ल-पावरा मजूर, केळीच्या गाड्या भरणारा हमाल, बसची वाट पाहणारी विद्यार्थिनी. चोपडा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे, पण या आदिवासी माणसाला गावातल्या किती हॉटेलांत टेबलावर निर्धास्त बसता येते? वाड्यात गेल्यावर आपणही त्याला चपला आणि धुळीवरून जोखू लागलो तर वाडा जिंकला, आपण हरलो. निदान एक थाळी गाडीच्या दरात राहिलीच पाहिजे, आणि ती बाहेरच्या ओट्यावर नाही, आतल्या टेबलावर.

तिसरी अट बाईच्या नावाची. गाडी नवऱ्याच्या नावाने ओळखली जाते आणि पहाटे चारपासून राबते ती बाई. भाडेकरार, परवाना, बँक खाते या तिन्हींवर तिचे नाव हवे. चौथी अट, धंदा मंदावला की परमिट रूम काढायची नाही. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. बाबासाहेबांच्या फोटोखाली बाटली उघडून मिळवलेला पैसा चळवळीला परवडणारा नाही.

सरकारकडे आणि पालिकेकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. पडीक सार्वजनिक इमारतींची यादी जाहीर करा. त्या भाड्याने देताना फक्त बोली लावू नका, कारण बोलीत पिढीजात पैसाच जिंकतो. काही जागा प्रमाणपत्रधारक पथविक्रेत्यांसाठी आणि त्यांत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखून ठेवा. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता करा आणि करार अकरा महिन्यांचा नको, निदान दहा वर्षांचा करा, नाहीतर कोण बँक कर्ज देईल? आणि सरकारी बैठकांचा चहा-नाश्ता तिथून मागवा. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म-लघु उद्योजकांसाठी ४ टक्के वाटा आहेच. शाहू महाराजांनी जे स्वतःच्या मर्जीने केले ते लोकशाहीत नियमाने व्हायला हवे.

आपल्या माणसांनाही एक सांगणे आहे. शेजारच्या हॉटेलात शंभराची थाळी निमूट खाऊन, आपल्याच माणसाकडे उधारी मागू नका. लग्नाची, वाढदिवसाची, १४ एप्रिलच्या कार्यक्रमाची ऑर्डर आधी त्याला द्या. चव बिघडली तर तोंडावर सांगा, पण पाठ फिरवू नका. येत्या महिन्यात प्रत्येक गावातल्या दोघाचौघांनी एवढेच काम करावे. आपल्या गावातल्या पडीक सार्वजनिक इमारतींची यादी माहिती अधिकारात मागवावी आणि पथविक्रेत्यांचे शेवटचे सर्वेक्षण कधी झाले ते वेगळ्या अर्जात विचारावे. दहा रुपयांचा अर्ज आहे. उत्तर आले की पुढचा अर्ज जागेसाठी करू.

जय भीम!